डावी प्लेट

उंब्रज, ९ जुलै २०२५

दादा,

आधी नमस्कार घे, मग खाली बस, मग पुढचं वाच. फोन तू उचलत नाहीस. व्हॉट्सअॅपवर माझ्या निरोपापुढं एकच खूण राहते, त्याचा अर्थ मला कळतो. मी हायवेला राहते, रानात नाही. पत्र मात्र फाडून टाकायचं म्हटलं तरी आधी हातात घ्यावं लागतं. म्हणून पत्र.

खोकं काल मिळालं. तुझ्या दाजींनी टेम्पोतून उतरवून घेतलं आणि थेट दुकानात लेथच्या यंत्राशेजारी ठेवलं. मी हळदकुंकू घेऊन बसले होते. आबांचं इंजिन, आपली रंगू, दोन वर्षांनी बघणार म्हणून लहान पोरीसारखी हरखले होते, हे तुला सांगायला मला लाज वाटत नाही. वरचा पेंढा काढला. बॉयलर निघाला, धुराडं निघालं, ड्रायव्हरची केबिन, आईच्या नावाची पितळी पाटी. बिस्किटाच्या डब्यात सिलिंडर आणि दांडे, नटबोल्ट वेगळ्या पुडीत. आणखी खाली हात घातला तर खोक्याचा तळ लागला. चेसिस नाही. चाकं नाहीत.

वहिनींना फोन केला. तू शेजारी बसलेला असताना त्या बोलतात तशा आवाजात म्हणाल्या, "वन्सं, ह्यांचं म्हणणं हाय, चाकं घरातच ऱ्हाऊ देत. आबांची आठवण म्हणून. तुमाला बगायला वरचं हाय की."

बघायला! मिरजेच्या नॅरोगेज शेडमध्ये दिवसभर खऱ्या इंजिनांखाली झोपून आलेला माणूस अकरा वर्षं रात्री-बेरात्री घरी तेच इंजिन लहान करून घडवतो, खरा कोळसा, खरी वाफ, मागं दोन मोठी माणसं बसली तरी ओढेल असं, आणि ते मी शोकेसमध्ये ठेवून बघू?

मार्चमध्ये मिरजेच्या रजिस्ट्री कचेरीत मी हक्कसोडपत्रावर सही केली. मळा तुझा, विहीर तुझी, घर तुझं. साडीचोळी नको म्हणाले. एकच मागितलं, रंगू. तू चार माणसांत म्हणालास, "घिऊन जा की, तुजीच हाय." मी सही आधी केली, इंजिन नंतर घेऊ म्हटलं. आपल्याकडच्या बहिणी याच क्रमानं फसतात, मी काही वेगळी निघाले नाही. पण केलेली सही मी परत मागणार नाही. जमीन खा सुखानं.

चेसिसही मागणार नाही. आबा दर खंडेनवमीला हत्यारांची पूजा झाली की रंगूला पेटवायचे. ते गेल्यापासून ती थंड आहे. या खंडेनवमीला ती धावणार आहे, इथं, उंब्रजला, माझ्या दुकानामागं. खाली चेसिस माझी असेल. मी करणार आहे.

शालन


उंब्रज, २७ जुलै

दादा,

तुझं पत्र मिळालं. त्याला पत्र म्हणायचं तर. एक ओळ: "तेराव्या वर्षी वाकडं केलंस, बावन्नाव्या वर्षी सरळ करणार व्हय?"

ही ओळ मी लेथच्या वर चिकटवून ठेवली आहे. येणारं-जाणारं गिऱ्हाईक वाचतं. उसाच्या ट्रेलरची पिन करून घ्यायला तो गुंडा ट्रॅक्टरवाला येतो ना, तो वाचून म्हणाला, "कुणी लिवलंय ह्ये?" मी म्हटलं, सख्ख्या भावानं. तो म्हणाला, "मग बरुबर हाय."

कामाचं सांगते. पाच मिलिमीटरची पोलादी पाटी कराडला भंगारवाल्याकडं मिळाली, साखर कारखान्याच्या कुठल्याशा टाकीची. तिच्या दोन लांब प्लेटा कापल्या. चेसिस म्हणजे शेवटी काय, दोन उभ्या प्लेटा, मध्ये चार आडव्या पट्ट्या, आणि खाली तीन दांड्यांवर सहा चाकं. चाकांचा लाकडी साचा मी स्वतः केला, ओतून घेतली, आता कातते आहे. तुझे दाजी दिवसा गिऱ्हाइकांची कामं करतात, दुपारी जेवायला उठतात तेव्हा लेथ माझी. लग्न झालं तेव्हा मी फक्त चहा द्यायला दुकानात यायचे. एक दिवस त्यांनी कपबशी हातातून घेतली आणि टूल हातात दिलं. का, कशाला, काही विचारलं नाही. माहेरी कुणी एवढं केलं नव्हतं.

आबांची पद्धत तुला आठवते का? डावी-उजवी प्लेट कधी सुटी भोकायची नाही. दोन्ही एकावर एक बांधायच्या आणि एका दमात भोक आरपार. "चूक झाली तर दोन्हीकडं सारखी हुती," ते म्हणायचे. "सारखी चूक गाडीला कळत न्हाई."

मी दोन्ही बांधून भोकं पाडली. सहा. एकाही भोकात केसाइतका फरक नाही. तुझी ओळ समोर होती, फार उपयोग झाला.

शालन


उंब्रज, १८ ऑगस्ट

दादा,

तुला आनंद होईल अशी बातमी आहे, म्हणून पहिल्यांदा तीच देते. बॉयलर बसत नाही.

चेसिस उभी राहिली. सपाट फरशीवर ठेवली, सहाच्या सहा चाकं टेकली, ढकलली तर भिंतीपर्यंत सरळ गेली. पाणसळ ठेवून बघितलं, बुडबुडा मधोमध. मग आम्ही दोघांनी बॉयलर उचलून वर ठेवला आणि तो डावीकडं कलला. दारू प्यालेल्या माणसासारखा. पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला, पुन्हा तसाच.

मी तिथंच पोत्यावर बसले. खोटं कशाला बोलू, रडले. वाटलं, दादा म्हणतो तेच खरं, माझ्या हातातच वाकडेपणा आहे. तुझे दाजी जवळ आले आणि म्हणाले, "डाव्या अंगाला दीडाचं पॅकिंग घाल की. कुनाला कळतंय?"

तेवढ्यानं मी रडायची थांबले. पॅकिंग कशाला? माझी चेसिस सरळ आहे. मग वाकडं काय आहे? बॉयलर उलटा केला. धुराड्याखाली जी लोखंडी बैठक असते, जिच्यावर सगळा भार बसतो, तिचं शंभर वर्षं जुनं दिसणारं काळं ग्रीस खरवडून काढलं. बैठक डाव्या बाजूनं दीड मिलिमीटर कमी आहे. झिजलेली नाही. कानशीनं घासलेली आहे. आबांच्या हाताचा तिरका फटकारा मी झोपेतही ओळखेन.

समजलं का? जुन्या चेसिसची डावी प्लेट चुकीची होती, म्हणून आबांनी बॉयलरची बैठक घासून चुकीच्या मापाला बसती केली. वरून इंजिन ताठ दिसावं म्हणून. खालून ते लंगडतच राहिलं. दर फेऱ्याला एकदा अडखळायचं आणि जमलेली माणसं हसून म्हणायची, "शालीचं भोक आलं बगा."

एकोणचाळीस वर्षं ते माझ्या नावावर, दादा. आबा होते तोवर दर खंडेनवमीला, माणसं जमवून.

आता तुझ्या त्या ओळीचं उत्तर देते. इतकी वर्षं दिलं नाही, कारण आपलेच दात आणि आपलेच ओठ.

ते भोक मी पाडलं नव्हतं. तू पाडलंस.

आबा पाळीवर गेले होते. तुझी कोल्हापूरची मिल्टरीची भरती दुसऱ्या दिवसावर आली होती, तुझा पाय जमिनीवर ठरत नव्हता. "जायच्या आदी एक प्लेट करून ठिवतो, आबा खूश हुतील." मी उजवी प्लेट शोधत होते, बरोबर बांधायला. तू थांबला नाहीस. डावी सुटीच शिकंज्यात धरलीस आणि गिरमिट फिरवलंस. भोकं खुणेच्या खाली गेल्यावर तुझं तोंड पांढरंफटक पडलं. तू माझ्या पायाशी बसलास. "शाले, आबा हात मोडतील माजा. भरती जाईल. तू ल्हान हायस, तुला काय करणार न्हाईत." मी म्हटलं, बरं.

मला वाटलं होतं एक दिवस रागावतील.

तीन वर्षं मला त्या टेबलाजवळ उभं राहू दिलं नाही. दहावी झाल्यावर मी सांगलीच्या आयटीआयचा फॉर्म आणला, टर्नरचा, लेथ शिकायचा. आबांनी तो घडी घालून परत माझ्या हातात दिला. "जिला एक भोक सरळ पाडता येत न्हाई, तिला आयटीआय कशाला?" तू तेव्हा सुट्टीवर आला होतास. कडक इस्त्रीचे कपडे घालून तिथंच उभा होतास. तू काही बोलला नाहीस.

आता बोल.

शालन


उंब्रज, ३१ ऑगस्ट

दादा,

तेरा दिवस झाले, उत्तर नाही. ठीक आहे. मी नवी बैठक करते आहे. आबांची घासलेली बैठक पुन्हा वापरायची नाही आणि माझ्या चेसिसला पॅकिंग लावायचं नाही. दाजी म्हणाले, "अगं, आबांच्या हातचं हाय, टाकवंल का?" मी म्हटलं, टाकत नाही, ठेवून देते. पण त्याच्यावर गाडी उभी करणार नाही.

काम करता करता एक गोष्ट डोक्यात शिरली आहे, ती आता बाहेर पडत नाही.

तू चेसिस आठवण म्हणून ठेवलीस म्हणतोस. मग सिलिंडर का सोडवून दिलेस? बारा बोल्ट आहेत, गंजलेले. मळ्यात चाऱ्याचा विळा परजायचा तर शेजारच्या धुळाला हाक मारणारा माणूस तू. तू बसून ते बारा बोल्ट सोडवलेस, पुडी बांधलीस, डब्यात भरलेस, आणि फक्त प्लेटा ठेवून घेतल्यास. एवढा खटाटोप आठवणीसाठी कुणी करत नाही.

शेडमध्ये एक रीत होती, आबा घरीही पाळायचे. ज्यानं भाग केला त्याचं अक्षर त्या भागावर पंचानं ठोकायचं, म्हणजे उद्या तुटला तर कुणाला धरायचं ते कळावं. भट्टीच्या दारावर माझा एस आहे, मी अकरा वर्षांची असताना केलं होतं ते. बाकी सगळीकडं आबांचा डी.

डाव्या प्लेटीवर कुठलं अक्षर आहे, दादा? बाहेरून तर काहीच नाही. ठोकलं असेल तर आतल्या अंगाला असेल, बॉयलर खाली उतरवल्याशिवाय दिसणार नाही असं. आणि आबा गेल्यावर बॉयलर पहिल्यांदा उतरवलास तो तू, मला खोकं भरताना.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच ना? मला चेसिस नको. एक अक्षर सांग. पोस्टकार्डावरही मावेल.

शालन


उंब्रज, १९ सप्टेंबर

दादा,

पार्सल मिळालं. कराडच्या स्टँडवरून दाजी घेऊन आले. तुझ्या जुन्या मिल्टरीच्या बनियनमध्ये गुंडाळलेली एक लांब प्लेट. चिठ्ठी नाही, नाव नाही. दोरी मात्र अशी आवळलीस की कात्री लागली.

आतल्या अंगाला के, कृष्णातचा. खाली तारीख, तुझ्या भरतीच्या आदल्या दिवसाची. आबांचे तीन ठोके, खोल.

म्हणजे आबांना त्याच रात्री कळलं होतं. भोकाची कड बघून कळलं असणार. तू डावखुरा, तुझं गिरमिट नेहमी एकाच बाजूला झुकायचं. त्यांनी तुझं अक्षर ठोकलं, अक्षर आत येईल अशी प्लेट लावली, वर बॉयलर ठेवला, बैठक घासून जमवली. झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि सकाळी मला टेबलाजवळून हाकललं.

दोन दिवस मी लेथला हात लावला नाही. तुझ्यावरचा राग मला सवयीचा होता, त्याच्याबरोबर मी संसार केला. आबांवर रागवायची मला सवय नाही. त्यांना ठाऊक होतं. ठाऊक असून त्यांनी फॉर्म परत दिला. पोरीला मिरजेहून सांगलीला रोज एकटीला पाठवायचं नव्हतं, टर्नरच्या वर्गात पोरांत बसवायचं नव्हतं, तर तसं तोंडावर सांगायचं होतं. ते भोक त्यांना आयतं मिळालं. दोघांचीही सोय झाली, तुझी आणि त्यांची. माझ्या नावावर.

मेलेल्या माणसाविषयी असं लिहू नये म्हणतात. मी लिहिते आहे. मला आबा अजूनही हवेत, आणि तरी मी लिहिते आहे.

तुझ्याबद्दल एक मान्य करते. प्लेट फाउंड्रीत वितळवायला टाकली असतीस तर मला कधीच कळलं नसतं. तू पाठवलीस. बोलायला तुला जमत नाही, लोखंड पाठवायला जमलं. पण तेवढ्यानं भागणार नाही. माझं नाव माणसांसमोर घेतलं जायचं, तेव्हा तुझंही माणसांसमोरच घ्यायला हवं.

खंडेनवमी एक ऑक्टोबरला आहे, बुधवार. दुकानामागं लोखंडी अँगलचे रूळ टाकलेत, चिंचेला वळसा घालून गोल. गुंडा, दाजींचा नेहमीचा लवाजमा, गल्लीतली माणसं येणार आहेत. वहिनींना घेऊन ये. आला नाहीस तरी भट्टी दहाला पेटेल. तुझ्यासाठी थांबणार नाही.

शालन


उंब्रज, ३ ऑक्टोबर

दादा,

परवा तू इथं होतास, सगळं तुझ्या डोळ्यांसमोर झालं. तरी लिहिते आहे. शेवटी सांगते का ते.

तू सव्वाअकराला आलास. कौतुकानं सांगत नाही, घड्याळ बघत होते म्हणून सांगते. तोपर्यंत वाफ चढली होती आणि मी रंगूच्या मागच्या पाटावर बसून दुसरा फेरा घेत होते. वहिनी रिक्षातून उतरल्या तशा ओरडल्या, "वन्सं, साडी सांबाळा, इस्तू हाय!" तू गेटाजवळ टोपी काढून उभा राहिलास. मी गाडी थांबवली नाही. आणखी तीन फेरे घेतले. तू कान लावून उभा होतास, मला दिसत होतं. प्रत्येक फेऱ्याला त्या अडखळण्याची वाट बघत होतास. मीही बघत होते. इतक्या वर्षांची सवय आहे कानांना.

अडखळली नाही.

मी उतरले. तू जवळ येऊन चाकाशी बसलास आणि म्हणालास, "लंगडत न्हाई गं." मी वळून भट्टीत कोळसा टाकला. त्या दिवशी मला रडायचं नव्हतं.

मग गुंडानं विचारलं. पूजेत लेथ होती, ड्रिल होतं, पाने, कानशी, सगळ्यांना झेंडूच्या माळा, आणि त्या रांगेत ती गंजकी प्लेट, तिलाही माळ. तो म्हणाला, "शालनताई, ह्यो पत्रा कशाला पुजलाय? ह्येचं काय हत्यार हुतंय व्हय?" सगळे हसले. मी तुझ्याकडं बघितलं. दाजी चहाचा ट्रे घेऊन तिथंच थांबले. वहिनींनी पदर तोंडाशी नेला. मला वाटलं, हा आता टोपी घालेल आणि जाईल. सुभेदार म्हणून रिटायर झालेला माणूस, छातीवर पदकं, आणि घाम असा की कॉलर भिजलेली.

तू म्हणालास, "ती माजी चूक हाय. अठरा वर्साचा हुतो. भोक मी पाडलं आन् नाव हिचं सांगितलं. शालीचं भोक म्हनून गावाकडं हसायची न्हवं सगळी, ते माजं हुतं." आणि मग, आवाज पार बसलेला असताना, "हिची आयटीआय माज्यापायी गेली."

कुणी हसलं नाही. गुंडानं मुंडासं काढलं. चहा निवला.

जाताना तू म्हणालास, "आता तरी झालं का तुजं समादान?" मी तेव्हा "जेवून जा" एवढंच म्हटलं होतं. खरं उत्तर आता देते. थोडं झालं. सगळं होणार नाही. गेलेला टर्नरचा वर्ग तुझ्या चार वाक्यांनी परत येत नाही, आणि आबांना विचारायचं होतं ते विचारता येत नाही. पण परवा रात्री मी गाढ झोपले.

प्लेट तू परत नेली नाहीस. विसरलास की ठेवून गेलास, मला माहीत नाही. तुझ्याकडं आता उजवी प्लेट आणि सहा चाकं नुसती पडून आहेत. उजवी आबांची आहे, ती अचूक आहे. ती घेऊन ये. मी त्याच टाकीच्या पाटीचा एक तुकडा डाव्या प्लेटीसाठी राखून ठेवला आहे. दोन्ही एकावर एक बांधू आणि उजवीच्या भोकांतून आरपार नवीन भोकं पाडू. मग तुझी चेसिस सरळ होईल. तिच्यावर बॉयलर मी देणार नाही, तो रंगूचा आहे. हवा असेल तर नवा करू, वेळ लागेल, आबांना अकरा वर्षं लागली होती. तू धरायचं. भोक मी पाडणार.

नव्या प्लेटीवर अक्षर माझं पडेल, आणि बाहेरच्या अंगाला पडेल.

आता हे सगळं लिहायचं कारण. मार्चमध्ये वकील म्हणाला होता, "ताई, तोंडी बोलण्याला अर्थ नसतो, कागद पाहिजे." माझी सही तुझ्या कपाटात आहे, अंगठ्यासकट, फोटोसकट. तेव्हा मीही कागद केला आहे. तुझी परवाची कामाची चार वाक्यं खाली जशीच्या तशी उतरवली आहेत, एकही शब्द माझा नाही. वहिनींना वाचून दाखव, चुकलं असेल तर सांग. नसेल तर सही करून उलट टपाली पाठव. साक्षीदार म्हणून वहिनींची चालेल.

"ती माजी चूक हाय. अठरा वर्साचा हुतो. भोक मी पाडलं आन् नाव हिचं सांगितलं. हिची आयटीआय माज्यापायी गेली."

सही (कृष्णात): ______________

साक्षीदार (राणी): ______________

शालन